रिकाम्या हातानं आत: तुरुंगातल्या सेवेला नव्यानं निघालेल्यांसाठी

कारागृहाच्या गेटवर सगळ्यात आधी खिसे रिकामे होतात. मोबाइल, पाकीट, गाडीची किल्ली, पेन आणि आपल्याकडच्या माणसाच्या खिशात हमखास सापडणारी खर्र्याची पुडी. हवालदार सगळं टेबलावर काढायला लावतो, अंगावरून हात फिरवतो, वहीत नाव-वेळ लिहून सही घेतो. मग मोठ्या फाटकातली दिंडी उघडते. तुम्ही वाकून आत जाता, ती मागं बंद होते, आणि त्यानंतरच पुढचं दार उघडतं. दोन्ही दारं एका वेळी उघडी ठेवत नाहीत. पहिल्यांदा त्या मधल्या जागेत उभा राहिलो तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. मी २७ वर्षं एसटीत कंडक्टर होतो. गळ्यात पैशाची बॅग, हातात तिकिटं, कानामागं पेन्सिल. हातात काहीच नाही अशी माझी ड्यूटी कधी झालीच नव्हती.

आता निवृत्त झालो, आणि बरीच वर्षं महिन्यातून एकदा आमच्या जिल्ह्याच्या कारागृहात जातो. अलीकडे यवतमाळ, वाशीम, अमरावतीकडच्या लहान ख्रिस्ती मंडळ्यांतून फोन येतात: आम्हालाही जायचं आहे, काय करायचं? बहुतेक ठिकाणी वीस-पंचवीस घरांची मंडळी, तीन गावांत मिळून एक पाळक, आणि भक्तीनंतर उठून 'आपण तुरुंगात जाऊ या' म्हणणारा एखादा उत्साही माणूस. अशांना मी फोनवर जे सांगतो तेच इथं लिहितो.

आधी चौदावं वचन वाचा

पहिल्या फेरीच्या आदल्या रात्री मी बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्राचं ४:१३ घोकत झोपलो होतो. मला सामर्थ्य देणाऱ्याच्या बळावर मी सर्वकाही करायला शक्तिमान आहे, हे ते वचन. आपल्या घरांत ते कॅलेंडरवर असतं, आमच्या गावात तर एकाच्या ट्रॅक्टरवरही आहे. मी त्याचा सरळ अर्थ लावला होता की उद्या मला जमणार. बोलणं जमणार, माणसं हेलावणार, दोन-चार जण तरी रडणार.

प्रत्यक्षात दहाव्या मिनिटाला माझे शब्द संपले. मागच्या ओळीत दोघं पेंगत होते. एक जण उठून म्हणाला, "काका, हे सारं बराबर हाय, पण जामिनाचं काई होते काय?" मला उत्तर आलं नाही. परतीच्या गाडीत खिडकीला डोकं लावून बसलो आणि ठरवलं की हे आपलं काम नाही.

घरी आल्यावर मात्र तो अध्याय पहिल्यापासून वाचला. प्रेषित पौलानं हे पत्र बेड्यांत असताना लिहिलं. तेराव्या वचनाच्या आधी तो भुकेबद्दल आणि पोटभर खाण्याबद्दल बोलतो, विपुलतेबद्दल आणि टंचाईबद्दल. दोन्हींत राहायला मी शिकलो, असं सांगून मग तो 'सर्वकाही'वर येतो. म्हणजे त्या 'सर्वकाही'त उपाशी राहणंही आलं आणि न जमणंही आलं. आणि लगेच चौदाव्या वचनात तो म्हणतो, तरी माझ्या संकटात तुम्ही भागीदार झालात हे बरं केलंत. त्या काळी रोमी कैद्याचं खाणंपिणं बव्हंशी बाहेरच्या सोबत्यांवर असे. ज्याला ख्रिस्त बळ देतो तोच माणूस पुढच्या ओळीत माणसांचे आभार मानतो. हे चौदावं वचन मी अजून कुणाच्या भिंतीवर पाहिलेलं नाही.

म्हणून नवीन माणसाला मी पहिलं काम देतो ते हे. आपल्याला काय येत नाही, याची चिठ्ठी लिहून काढायची. मला कायदा कळत नाही. मला दारू सुटलेल्या माणसाच्या अंगाची थरथर कळत नाही. मला खून केलेल्या माणसासमोर बसायची भीती वाटते. मला गाता येत नाही. ती चिठ्ठी घेऊन प्रार्थनेला बसा आणि ती फाडू नका, तिच्यावरूनच पुढं जोडीदार शोधायचे आहेत. 'प्रभू सामर्थ्य देईल' असं म्हणून तयारी टाळणाऱ्यांपासून मी चार हात दूर राहतो. ज्याला स्वतःची कमतरता माहीत आहे तोच दुसऱ्याला हाक मारतो, आणि ख्रिस्ताचं बळ बहुधा त्या दुसऱ्याच्या हातून येतं.

आणखी एक. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात प्रभू म्हणतो, मी तुरुंगात होतो आणि तुम्ही माझ्याकडे आलात. तो गजाच्या आतल्या बाजूला आहे. 'आम्ही येशूला घेऊन आत आलो' असं साक्षीत म्हणायची आपल्याकडे सवय आहे, ती सोडा. तो आधीपासून आत आहे. आपण भेटीला जातो.

अर्ज

हे काम कंटाळवाणं आहे, पण अवघड नाही. मंडळीच्या किंवा नोंदणीकृत संस्थेच्या लेटरहेडवर कारागृह अधीक्षकांच्या नावानं अर्ज करा. कोण येणार, किती वेळ, काय करणार, गाणी कोणती आणि विषय काय, हे स्पष्ट लिहा. आधार कार्डाच्या प्रती आणि फोटो जोडा. चारित्र्य पडताळणी मागितली तर कुरकुर करू नका. काही वेळा अर्ज वर जातो. आपल्या पूर्व विभागाचं उपमहानिरीक्षक कार्यालय नागपूरला आहे आणि राज्याचं मुख्यालय पुण्याला. उत्तर यायला महिना लागेल, दोनही लागतील. या काळात ओळखीच्या पुढाऱ्याकडून फोन लावायचा मोह होतो. तो टाळा. वशिल्यानं मिळालेली परवानगी पुढच्या साहेबाच्या बदलीबरोबर जाते.

अर्जात 'सुवार्ता प्रसार' असे शब्द घालून उगाच शंका निर्माण करू नका, पण खोटंही लिहू नका. प्रार्थना, भक्तिगीतं, नैतिक व आध्यात्मिक मार्गदर्शन असं लिहा, आणि आत गेल्यावर तेवढंच करा. तुरुंगात गणपतीही बसतो, रमजानचे रोजेही असतात, प्रवचनकारही येतात. त्यांच्या रांगेत आपण एक.

जोडीदार, आणि घरी बसलेला तिसरा

एकट्यानं जायचं नाही. प्रभूनं शिष्यांना दोघं दोघं पाठवलं, त्याचा अर्थ मला तुरुंगात कळला. एक बोलत असताना दुसरा चेहरे बघतो. कोण खाली मान घालून बसलाय, कोण उठून जायच्या बेतात आहे, कुणाला नंतर दोन मिनिटं द्यायला हवीत. शिवाय तुम्ही भलतंच बोलायला लागलात तर खोकून थांबवणारा कुणीतरी हवा. माझा जोडीदार हे फार चांगलं करतो, कधीकधी गरजेपेक्षा जास्त.

जोडीदार निवडताना वक्ता शोधू नका. ऐकणारा शोधा. कापसाच्या वेचणीच्या दिवसांतही जो शब्द दिल्याप्रमाणे येतो तो शोधा. तुरुंगातला माणूस तारखा मोजतो. कोर्टाची तारीख, मुलाकातीची तारीख, आणि तुमचीही. 'येतो' म्हणून न आलेले पाहुणे त्याच्या आयुष्यात आधीच बरेच होऊन गेलेले असतात.

तिसरा माणूस आत येत नाही. तो किंवा ती घरी बसून त्या दोन तासांत प्रार्थना करते. आमच्याकडे हे काम एक आजी करतात. त्यांना दिसत नाही, कुठं जाता येत नाही. आम्ही दिंडीतून आत शिरायची वेळ त्यांना आधीच सांगून ठेवतो, आणि बाहेर आल्याबरोबर पहिला फोन त्यांना. एकदा आमची बस बाभुळगावच्या अलीकडे बंद पडली आणि आम्ही दोन तास उशिरा आत गेलो. आजींना कळवायचं राहिलं. संध्याकाळी म्हणाल्या, "मी तं उठलीच नाई बाप्पा, तुमचा फोन आला नवता ना." सकाळी अकरापासून त्या तशाच बसून होत्या.

आत गेल्यावर

सकाळची वेळ मागा. सूर्यास्ताआधी मोजणी होऊन बंदी बराकीत जातात, त्यामुळं संध्याकाळची सभा हा विचारच सोडा. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली चाळीस मिनिटांपेक्षा जास्त घेऊ नका. आपल्याकडचं ऊन तुम्हाला सांगायला नको.

जिल्हा कारागृहात बहुतेक न्यायबंदी असतात, म्हणजे खटला चालू असलेले, ज्यांना आत 'कच्चे' म्हणतात. देशभरातच तुरुंगांत चारातले साधारण तीन जण असे आहेत. ते आपल्याच कपड्यांत असतात. शिक्षा झालेले, 'पक्के', पांढऱ्या कपड्यांत. लांब शिक्षा झाली की माणूस नागपूर किंवा अमरावतीच्या मध्यवर्ती कारागृहात जातो, आणि वागणूक चांगली असली तर पुढं एखादा मोर्शीच्या खुल्या कारागृहात शेतीकामाला. याचा सेवेवर सरळ परिणाम होतो. जिल्ह्याच्या ठिकाणी मागच्या महिन्यातले निम्मे चेहरे या महिन्यात नसतात. 'पुढचा भाग पुढच्या वेळी' असं चालत नाही. प्रत्येक भेट तेवढ्यापुरती पुरी व्हायला हवी. मध्यवर्ती कारागृहात उलट. तिथं तोच माणूस आठ वर्षं तुमच्यासमोर बसू शकतो, आणि तुमची तीच ती उदाहरणं त्याला पाठ होतात.

गुन्हा विचारू नका. हा नियम मी दगडावर कोरून ठेवायला तयार आहे. त्याला सांगायचं असेल तेव्हा तो सांगेल. आपल्या भागात बरेचदा गोष्ट धुऱ्यापासून, म्हणजे शेताच्या बांधापासून, सुरू होते. दोन भावांच्या शेतामधला हातभर धुरा, बैल गेला, शिवी गेली, कुऱ्हाड उठली. मग एक मातीत आणि एक आत. वर्ध्याकडे दारूबंदीतल्या केसेस. सावकार, कर्ज, घरातली भांडणं. ऐकताना तोंडावर भाव आणू नका. हळहळही फार दाखवू नका, माणसाला ती लगेच कळते. आणि कुणी पारध्यांच्या कुठल्या बेड्यावरचा, म्हणजे वस्तीवरचा, किंवा तांड्यावरचा आहे म्हणून आधीच मत बनवू नका. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून पारध्यांसारख्या कितीतरी जमातींवर जन्मानं गुन्हेगार असा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये गेला, शिक्का मात्र गावोगाव अजून आहे. सगळ्यांनी पाप केलं असं आपण दर रविवारी म्हणतो. त्या 'सगळ्यांत' आपण बसतो की नाही, हे आत पाच मिनिटांत कळतं.

सुरुवात गाण्यानं करा. पेटी न्यायला परवानगी मिळेलच असं नाही, खंजिरीला सहसा मिळते, आणि खंजिरी वाजली की आपल्या गावाकडचा माणूस आपोआप सरकून पुढं बसतो. तुकडोजी महाराजांनी तिला घराघरांत पोहोचवलं. १९४२ मध्ये इंग्रजांनी त्यांनाही नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं होतं. त्याच्या दहा वर्षं आधी विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी कैद्यांसमोर गीतेवर प्रवचनं दिली. तेव्हा भजन आणि तुरुंग ही जोडी आपण काही परदेशातून आणलेली नाही. आपल्याकडे ना. वा. टिळकांनी अभंग-ओवीच्या चालीत लिहिलेली भक्तिगीतं आहेत, ती म्हणा. शास्त्राची छापील भाषा वाचा, पण समजावून सांगताना आपल्या बोलीत सांगा. मेळघाटातला कोरकू किंवा गडचिरोलीकडचा गोंडी बोलणारा भाऊ बसलेला असला तर त्याला गाण्याशिवाय फार काही मिळत नाही. त्याच्या शेजारी जाऊन बसा, तेवढं तरी करा.

कोणती गोष्ट सांगायची, कोणती जपून

जुन्या करारातला योसेफ हमखास पोचतो. न केलेल्या गुन्ह्यासाठी आत, आणि ज्या प्यालेबरदाराला मदत केली तो बाहेर पडल्यावर दोन वर्षं विसरून गेला. कच्च्या बंद्याला हे वेगळं समजावावं लागत नाही.

जपून सांगायची ती प्रेषितांची कृत्ये सोळावा अध्याय. फिलिप्पैच्या तुरुंगात पौल आणि त्याचा सोबती सीला मध्यरात्री गात होते, भूकंप झाला, दारं उघडली. नवीन माणूस हीच गोष्ट धरतो आणि सांगतो, स्तुती करा, तुमचीही दारं उघडतील. ऐकणाऱ्याच्या कानात त्याचा अर्थ 'पुढच्या तारखेला जामीन' असा होतो. जामीन फेटाळला की तुमचा प्रभू खोटा ठरतो, आणि तो माणूस आधीपेक्षा एकटा पडतो. हे मी स्वतः केलेलं आहे म्हणून सांगतो.

ती गोष्ट नीट वाचा. दारं उघडली तरी कुणी पळालं नाही. पहारेकरी तलवार उपसून स्वतःला मारायला निघाला तेव्हा पौलानं ओरडून सांगितलं, आम्ही सगळे इथंच आहोत. त्या रात्री खरी सुटका पहारेकऱ्याची झाली. आणि याच पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात हेरोद याकोबाला तलवारीनं मारतो आणि त्यानंतर पेत्राला देवदूत तुरुंगातून बाहेर काढतो. राजा एकच, मंडळी एकच, एक मेला आणि एक सुटला. का, ते लिहिलेलं नाही. बाप्तिस्मा करणारा योहानही तुरुंगातून सुटला नाही. त्यानं आतून शिष्य पाठवून विचारलं, येणारा तो तूच ना? एवढ्या मोठ्या संदेष्ट्याला आत शंका आली आणि प्रभूनं त्याला झिडकारलं नाही. एकदा हे सांगितल्यावर एक म्हातारबा म्हणाले, "म्हंजे मले बी इचारता येते." त्या दिवशी मी पुढं काही बोललो नाही, सगळे गप्प बसलो. माझ्या सगळ्या भाषणांपेक्षा ती शांतता बरी होती.

धर्म बदल, असं आत कुणालाही सांगायचं नाही. भिंतीआड असलेल्या माणसाचा 'हो' मोकळा नसतो. काहींना वाटतं तुमच्यात आलो की वकील मिळेल, साबण मिळेल. कुणी स्वतःहून विचारलंच तर सरळ सांगा की ही गोष्ट बाहेर आल्यावर, घरच्यांशी बोलून, सावकाश ठरवायची. नाताळात साबण-टॉवेल वाटायचे असतील तर परवानगी घेऊन सगळ्या बराकीला सारखे वाटा, गाणाऱ्याला आणि न गाणाऱ्याला.

'नाही' म्हणायला लागतं ते बळ

आता माझ्या चुकीकडे येतो. दुसऱ्या वर्षी एका तरुण पोरानं गीतांच्या वहीत घडी घालून चिठ्ठी सरकवली. "काका, माह्या घरी देजा, लेक आजारी हाय." मी ती पाहिली आणि वही मिटली. मनात म्हटलं, एका बापाचा निरोप आहे, यात पाप कसलं? बाहेर पडताना झडतीत ती सापडली. चिठ्ठीत लेकीबद्दल दोन ओळी होत्या आणि खाली एका साक्षीदाराबद्दल तीन. आमची परवानगी गेली, चार महिने कुणी आत गेलं नाही. ज्या हवालदारानं आमच्यावर विश्वास टाकून वही उघडून पाहिली नव्हती, त्याला बोलणी खावी लागली. ते मला अजून लागतं.

तेव्हापासून आमचा नियम: काहीही आत न्यायचं नाही, काहीही बाहेर आणायचं नाही. खर्रा नाही, बिडी नाही, पैसे नाहीत, चिठ्ठी नाही, तोंडी निरोपही नाही. निरोप द्यायचा असेल तर अधिकाऱ्याला सांगायचं, त्याच्या समोर. स्वतःचा फोन नंबर द्यायचा नाही. 'मी सोडवतो' म्हणायचं नाही. 'बघतो' हा शब्दही नाही, कारण आत 'बघतो'चा अर्थ 'करतो' असा होतो.

नवीन माणसाला हे कठोर वाटतं. समोरचा डोळ्यांत पाणी आणून मागतो आणि आपण नाही म्हणायचं, ही कसली प्रीती? मलाही वाटायचं. पण चिठ्ठी घेतली तेव्हा मी त्या पोराचा तारणारा व्हायला निघालो होतो, आणि ती जागा रिकामी नव्हती. आता असं काही मागितलं की मी त्याचा हात धरतो, नाही म्हणतो, आणि त्याच्या लेकीचं नाव विचारतो. त्या नावानं तिथंच त्याच्याबरोबर प्रार्थना करतो. घरी आजींनाही फक्त नाव सांगतो, बाकी काही नाही. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या बाराव्या अध्यायात पौलानं शरीरातला काटा काढण्यासाठी तीनदा विनंती केली आणि उत्तर आलं की माझी कृपा तुला पुरे आहे, माझं सामर्थ्य अशक्तपणात पूर्णतेस येतं. तिथंही काटा निघाला नाही.

जामिनाचा प्रश्न

तो येणारच, तेव्हा उत्तर तयार ठेवा. वकिली करू नका, रस्ता दाखवा. वकील लावायला पैसे नसलेल्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, १९८७ च्या कायद्यानं तो त्याचा हक्क आहे. कोठडीतल्या माणसाला त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. प्राधिकरणाचे लोक कारागृहातही येतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ मध्ये असं आहे की याआधी कुठल्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या न्यायबंद्यानं त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला तर त्याच्या सुटकेचा विचार व्हायला हवा, इतरांसाठी तो निम्मा. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही, आणि एकापेक्षा जास्त केसेस असल्या तरीही अडतं. एवढं माहीत असू द्या आणि पुढं 'विधी सेवावाल्या साहेबांना विचार' म्हणून थांबा.

खरी अडचण बरेचदा वेगळीच असते. जामीन मंजूर होतो, पण जामीनदार मिळत नाही. भाऊ सातबारा द्यायला तयार नसतो, कारण धुरा त्याच्याशीच असतो. अशा वेळी गावातल्या पाळकांनी घरी जाऊन बसणं हे मोठं काम आहे. त्याची बातमी कुठं येत नाही आणि साक्षीतही ते सांगता येत नाही.

गेटवरची माणसं

हवालदारांशी आदरानं वागा. रात्रपाळी, सुट्ट्या रद्द, बदली, घर दुसऱ्या जिल्ह्यात. त्यांनीही अर्धं आयुष्य भिंतीच्या आत काढलेलं असतं. नावानं ओळखा, तब्येत विचारा. फिलिप्पैचा पहारेकरी आठवा.

महिला विभागात बायकांनीच जायचं. तिथं सहा वर्षांपर्यंतची लेकरं आईजवळ राहतात. मंडळीतल्या बहिणींना मी एवढंच सांगतो की गोष्टी सांगणारी एक जण सोबत घ्या, कारण त्या लेकरांनी बैल, बस आणि बाजार फार पाहिलेला नसतो.

घरी आल्यावर

दोन दिवस तुम्हाला झोप नीट लागणार नाही, चिडचिड होईल. नवीन लोक हे लपवतात, कारण त्यांना वाटतं ख्रिस्ताचं बळ असलेला माणूस थकत नाही. फिलिप्पैकरांस पत्रातच एपफ्रदीत नावाचा माणूस आहे. मंडळीची मदत घेऊन तो तुरुंगातल्या पौलाकडे गेला आणि तिथं इतका आजारी पडला की मरता मरता वाचला. आपल्या आजाराची बातमी घरी पोचली म्हणून तो आणखी बेचैन झाला. पौल त्याला नावं ठेवत नाही. घरी पाठवतो आणि मंडळीला सांगतो, अशा माणसांचा मान राखा.

आम्ही परतताना बसस्थानकावर चहा घेतो आणि तिथंच आतलं बोलून घेतो, जोडीदार आणि मी. घरी बायकोला गुन्ह्याच्या गोष्टी सांगायच्या नाहीत, मंडळीत तर मुळीच नाही. नाव-गाव घेऊन साक्ष देणारे लोक एका माणसाचं आयुष्य गावच्या पारावर मांडून येतात. दुसऱ्या दिवशी शेतात जायचं किंवा जे रोजचं काम असेल ते करायचं. सलग तीन महिने जीव नकोसा झाला तर एक महिना दुसऱ्याला जाऊ द्या. तुमच्याविना तिथं काही अडत नाही. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा जरा वाईट वाटलं होतं, खरं सांगतो.

सुटकेचा दिवस

सुटका बहुधा संध्याकाळी होते, कागद यायला उशीर होतो. माणूस हातात एक पिशवी घेऊन रस्त्याच्या कडेला उभा राहतो. गावची शेवटची बस गेलेली असते. पहिली रात्र धोक्याची, कारण जुने सोबती बरोबर हजर असतात आणि मंडळी नसते. म्हणून शक्य असेल तिथं आधी घरच्यांना कळवा. घरचे घेत नसतील तर दोन-चार दिवस कुठं ठेवायचं, कुणाच्या शेतावर काम मिळेल, हे पाळकांशी बोलून ठरवून ठेवा. गुन्हा गावातलाच असेल तर त्याला लगेच गावात नेऊ नका. आधी समोरच्या घराला कोण भेटणार ते ठरवा. त्या घरीही कुणीतरी गेलेलं असतं, हे सेवा करणारे सहज विसरतात.

मोठी भाषणं त्या दिवशी नकोत. एसटीच्या तिकिटापुरते सुटे पैसे जवळ ठेवा, फोन लावून द्या, आणि डबा न्या. आम्ही ज्वारीची भाकर, बेसन आणि ठेचा नेतो. एक जण बसस्थानकाच्या बाकड्यावर अर्धी भाकर खाऊन थांबला आणि उरलेली फडक्यात बांधायला लागला. जोडीदारानं विचारलं, काहून रे? तो म्हणाला, "घरी पोचल्यावर मायले दाखवतो, कोनी तरी घ्याले आलं होतं."

डब्यात दोन भाकरी जास्त ठेवा.